मिस्त्रिणीला विचारा

९ मार्च

पोरी,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर पोचल्याची खूणसुद्धा येत नाही, म्हणजे मला अडवून ठेवलंयस. ठेव बापडी. टपाल कोणाला अडवता येत नाही, म्हणून हा कागद. फाडायचाच असेल तर निदान पुढचा परिच्छेद वाचून फाड, तो कामाचा आहे.

पंपवाल्यांची मोठी ऑर्डर आली आहे. रिंगाच आहेत, पण नेहमीपेक्षा मोठ्या. लेथच्या चकात रिंग तीन बाजूंनी आवळून धरणारे जॉ आपण कॉम्प्युटरवरच्या तुझ्याच फाइलवरून काढतो. नुसता रिंगेचा व्यास बदलायचा, बाकीचं सगळं आपसूक जुळून येतं, असं तूच छाती पुढे काढून सांगायचीस. तर तुझ्या भावाने नवा व्यास टाकला आणि फाइल लाल झाली. डाव्या बाजूला तुझी ती पायऱ्यांची उतरंड असते ना, आधी ठोकळा, मग खाच, मग बोल्टची भोकं, ती वरपासून खालपर्यंत लालभडक. आकडा जरा कमी केला की फाइल गुमान सरळ होते. वाढवला की पुन्हा बोंब. धाकटा दिवसभर तिच्यापुढे बसला आणि संध्याकाळी हात टेकून उठला. जेवलाही नाही धड.

तर मला सरळ सांग. जाताना तू फायली बिघडवून गेलीस का? वर्कशॉपच्या बोर्डावर त्याचं एकट्याचं नाव चढवलं म्हणून तू गेलीस, हे मला कळतं. कळत नाही असं सोंग मी तेव्हा केलं, आता करत नाही. पण माझ्यावरचा राग लोखंडावर काढू नये.

मामा म्हणतात, 'आमची मिस्त्रीण असलं काही करायची नाही. लाल होतंय तर त्याला काहीतरी कारण असेल, विचारा तिला.' मामांना तू कधी चुकलेली दिसलीच नाहीस. तू फ्रॉकात होतीस तेव्हा त्यांनी तुझ्या हातात वर्निअर दिला आणि तू त्याने स्वतःचं नाक मोजलंस, ती गोष्ट ते अजून दर नव्या पोराला सांगतात. शॉपमधला मिस्त्री सोड, सख्खा मामा असता तरी एवढं कौतुक केलं नसतं.

उलट टपाली कळव. धाकटा मेल करणार नाही, त्याचं नाक आडवं येतं. माझंही आलं असतं, पण मालकिणीला नाक परवडत नाही.

आई


१६ मार्च

पोरी,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. आम्ही काही तुझ्या नावाने खडे फोडत बसलेलो नाही.

काल सॉफ्टवेअर विकणारा माणूस येऊन गेला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि शॉपमध्ये शिरल्या शिरल्या तेलावरून घसरता घसरता वाचला. मामांनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर आणून बसवलं, तर तो त्यांनाच मालक समजून बोलायला लागला. मामाही बेरकी. बराच वेळ 'हं, हं' करत राहिले आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'आता हेच सगळं परत त्यांना सांगा.'

पण माणूस कामाचा निघाला, हे कबूल करते. त्याचं सॉफ्टवेअर तुझ्यासारखं नाही. तुझ्यात प्रत्येक गोष्टीला मागचं पुढचं लागतं. हे भोक त्या कडेपासून इतकं, ती कड या खाचेवर अवलंबून, खाच पहिल्या ठोकळ्यावर. पहिल्याला हात लावला की शेवटचा कुरकुरतो. पॅरामेट्रिक म्हणतात त्याला, हे मला आता समजलं, इतकी वर्षं मी त्याला 'पोरीचं ते' म्हणत होते. त्याचं डायरेक्ट. त्याला मागचं काही ठाऊकच नसतं. समोर जो ठोकळा आहे तो आहे. माऊसने त्याची कड धरायची आणि ओढायची. गिऱ्हाइकाकडून नुसता आकार येतो, तो कसा काढला त्याचा पत्ता नसतो, तेव्हा धाकट्याची जी त्रेधा उडते ती यात उडणार नाही. मोडलेला एखादा सुटा भाग मोजून पुन्हा करायचा असेल तरी हे बरं. एकाच जातीचे लहानमोठे पन्नास भाग करायचे तर तुझंच बरं, हे त्यानेच सांगितलं. विकणारा असून सांगितलं, म्हणून मी त्याला दुसरा चहा दिला.

मग धाकट्याने त्याला तुझे जॉ दाखवले. त्याने तुझी फाइल आपल्यात उघडली. तुझी उतरंड गेली, नुसता आकार राहिला. खाचेची गोल कड धरली, बाहेर ओढली, नवा व्यास टाकला. झालं. लाल नाही, पिवळं नाही, चूं नाही की चां नाही. धाकटा इतक्या दिवसांनी हसला, पोरी. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण लिहिते. मला फार बरं वाटलं.

मामांनी मागून विचारलं, 'ही कड सरकली, मग बोल्टची भोकं सरकली का?' तो म्हणाला, 'नाही ना, तीच तर सोय आहे. तुम्ही धराल तेवढंच हलतं.' मामा म्हणाले, 'आणि हलायला हवं होतं ते हललं नाही, तर सांगणार कोण?' तो हसून म्हणाला, 'काका, तुम्ही आहात की.' सगळेच हसले. मामाही हसले, पण मग जाऊन तुझ्या जुन्या जॉवर बराच वेळ अंगठा फिरवत उभे होते.

सध्या फुकट वापरून बघायला दिलंय. बघू.

आई


२२ मार्च

पोरी,

हे नुसतं कळवायला. जॉ झाले. धाकट्याने स्वतः काढले, स्वतः प्रोग्रॅम लिहिला, दिसायला फार सुबक झाले आहेत. उद्या चकावर चढतील.

मामा आडून बसले होते, तेही तयार झाले. मी बोलले त्यांच्याशी. माझ्या जिभेला हाड नाही असं तू म्हणायचीस, ते कधीमधी उपयोगी पडतं.

तेव्हा फाइलचं राहू दे आता. त्या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही. बाकी कशाला द्यायचं असेल तर दे.

आई


२७ मार्च

पोरी,

मामा गेले.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. तुझ्या ऑफिसात फोन केला होता, तू सुट्टीवर आहेस एवढंच सांगितलं त्यांनी. मामी इथेच असतात, त्यांना त्याच दिवशी कळलं.

मशीनवर गेले. पहिल्या काही रिंगा चांगल्या निघाल्या. मामा नेहमीसारखे मशीनच्या दाराच्या काचेशी उभे होते, एक हात दारावर ठेवून आवाज ऐकत. तुला माहीत आहे ते कसे उभे राहायचे. एक जॉ बोल्टच्या भोकापाशी फुटला. रिंग सुटली आणि काच फोडून बाहेर आली. बाकीचं मी लिहिणार नाही. तिथल्या तिथे गेले, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगत असतील. मी ते धरून बसले आहे.

मशीन कोणीतरी बंद केलं, पण कुलंटच्या पाण्याचा पंप कोणाच्या लक्षातच आला नाही. सगळं आवरेपर्यंत ते पांढरं पाणी रिकाम्या चकावर पडत होतं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

तुझं पत्र आज आलं. 'फाइल बिघडलेली नाही. खाच आणि बोल्ट यांच्यामधली भिंत ठरावीक जाडीपेक्षा कमी झाली की ती लाल व्हावी, असं मीच करून ठेवलंय. एवढ्या मोठ्या रिंगेला हे जॉ वापरू नका, मोठ्या ठोकळ्याचे नवे करा. मामांना सांग, त्यांना भिंत म्हटलं की कळेल.' आज आलं. दारात उभ्या उभ्या वाचलं आणि उंबऱ्यावर बसले.

सरकारी चौकशीवाला येऊन गेला. शॉपला कुलूप आहे. धाकटा खोलीतून बाहेर येत नाही.

तू येऊ नकोस एवढ्यात. इथे येऊन काय करणार आहेस? मामींकडे फार गर्दी आहे, त्यांना जरा निवांत होऊ दे. मी कळवीन कधी यायचं ते.

आई


६ एप्रिल

पोरी,

तुझं मोठं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं.

तू लिहितेस की माझं पहिलं पत्र आठवडाभर न फोडता टेबलावर पडून होतं. वर माझं अक्षर दिसलं म्हणून फोडलं नाहीस, आणि फोडलं तेव्हा रागाने आणखी दोन दिवस उत्तर लिहिलं नाहीस. तू लिहितेस, 'मामांना मी मारलं.' असं लिहू नकोस. मनातसुद्धा आणू नकोस. आईचं पत्र फोडावंसं वाटू नये असं वागणारी आई कोण होती? ती मी होते ना? मग सोड.

जेवत जा. हे मी आई म्हणून लिहिते आणि तू चिडशील, तरी लिहिते.

मामींनी तुझा आवाज ऐकून फोन ठेवून दिला, असं लिहिलंयस. अगं, त्या कोणाशीच बोलत नाहीत. माझ्याशीही दोन शब्द बोलतात आणि भिंतीकडे बघतात. माणूस दुःखात असं करतं. मनावर घेऊ नकोस आणि परत फोन करू नकोस.

चौकशीवाला पुन्हा आला होता. सगळ्यांना एकेकट्याने विचारलं. जॉ कोणी काढले, कोणी तपासले, कोणाच्या सांगण्यावरून चढवले. पोरं काय सांगायचं ते सांगतात. मला म्हणाला, 'तुम्ही पुढच्या आठवड्यात सविस्तर सांगा, आत्ता तुमची मनःस्थिती नाही.' खरंच नाही.

तू विचारलंस, मामा तयार कसे झाले. मामांना अंगठ्याखाली भिंत कळायची, मग त्यांनी हे जॉ चढवले कसे, असं तुझं म्हणणं. त्यांचं वय झालं होतं, पोरी. डोळेही पूर्वीसारखे नव्हते. होतं असं कधी कधी.

इथे उन्हाळा कडक आहे. शॉपच्या पत्र्याखाली कोणी नाही, तरी मी सकाळी जाऊन कुलूप उघडते, झाडते आणि पुन्हा लावते.

येऊ नकोस एवढ्यात.

आई


१४ एप्रिल

पोरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. वीस तारखेला येतेस, घरी न येता थेट मामींकडे जाणार, दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहणार. तुझा हट्ट मला माहीत आहे, तू बसशील. म्हणून आता लिहिते. तू निघायच्या आत हे पोचलं पाहिजे.

मागच्या पत्रात मी मामांच्या डोळ्यांवर ढकललं. ते खोटं आहे. मामांचे डोळे ठणठणीत होते, आणि अंगठा त्याहून.

ते जॉ टेबलावर आले तेव्हा मामांनी एक उचलला, बोल्टच्या भोकापाशी अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. म्हणाले, 'बाई, इथे मांस कमी वाटतंय. मिस्त्रिणीला विचारा, तिने हो म्हटलं की लावतो.' धाकटा शेजारीच उभा होता. सगळी पोरं बघत होती. तू गेल्यापासून त्याने हेच ऐकलं होतं. काही केलं की, मिस्त्रिणीला विचारा. कुठे अडलं की, मिस्त्रीण असती तर. बोर्डावर नाव त्याचं आणि तोंडी नाव तुझं. त्याचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवलं नाही.

मी म्हटलं, 'विचारलं मामा. कालच उत्तर आलं. चालेल म्हणाली.'

किती सहज म्हटलं. हातात चहाचा कप होता, तो खालीही ठेवला नाही.

मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, 'मग आधी नाही का सांगायचं? तिने हिशोब केला असेल.' आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने बोल्ट आवळले. वर धाकट्याच्या पाठीवर थाप मारली, 'छान झालेत रे जॉ, बहिणीनेही पास केले.' धाकटा खूश. मी खूश. तुझं उत्तर आलेलं नाही हे तिथे मला एकटीला माहीत होतं.

आता समजलं का मामी फोन का ठेवतात? मामांनी घरी जाऊन सांगितलं होतं, मिस्त्रिणीचं पत्र आलं, जॉ चालतील म्हणाली. इतके आनंदात होते म्हणे, की पोरगी बोलायला लागली, आता परत येईल. मामी समजतात तू हो म्हटलंस. शॉपमधली पोरं तेच समजतात. चौकशीवाल्याच्या कागदावर तेच गेलं आहे, की लांबून मुलीने मंजुरी दिली. आणि तू तिकडे उशीर झाला म्हणून स्वतःला खात बसली आहेस. तुझं पत्र आठवडाभर आधी आलं असतं तर हे झालं नसतं, खरं आहे. पण मी तोंड मिटून बसले असते तरी झालं नसतं. मामा थांबले होते. ते तुझ्यासाठी थांबले होते, आणि मी त्यांना पुढे ढकललं.

एवढे दिवस का नाही बोललीस, असं विचारशील. धाकट्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. जॉ त्याने काढले. तू हो म्हटलेलं नव्हतं असं ठरलं, तर सगळं त्याच्या गळ्यात येईल. तू लांब आहेस, तुला तिथे कोण हात लावणार आहे, असाही विचार केला. हो, केला. एका पोराला वाचवायला दुसऱ्याला पुढे केलं, आणि पहिल्यांदा केलं नाही, हे तुला सांगायला नको.

काल धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, 'मलाही तू तेच सांगितलंस. मला कुठे माहीत होतं? मी थांबायला तयार होतो. ताई हो म्हणाली म्हणून मी प्रोग्रॅम लावला.' मी म्हटलं, अरे, तुझ्यासाठीच केलं. तो म्हणाला, 'माझ्यासाठी करायचं होतं तर मला विचारायचंस.' बॅग भरून मित्राकडे गेला आहे. जाताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर मी शॉपमध्ये जाऊन तुझ्या खुर्चीवर बसले आणि तुझी फाइल उघडली. कशी उघडायची ते धाकट्याला बघून बघून येतं मला. मोठा व्यास टाकला. लाल झालं. पुसला, परत टाकला. परत लाल. मग त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये तीच कड धरून ओढली. मुकाट्याने ओढली गेली. त्याचा काय दोष? त्याला मागचं कोणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या फाइलला सांगितलं होतं, म्हणून ती तू नसतानाही नाही म्हणत होती. आम्ही तिलाच वेडी ठरवलं. आणि मी सगळ्यांना सांगितलं की तू हो म्हणालीस.

उद्या चौकशीवाल्याकडे जाते. तिथून मामींकडे. दोन्हीकडे हेच सांगणार आहे, यातला एक शब्द कमी न करता. पुढे माझं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. तू पायरीवर बसायच्या आत मामींना कळलेलं असेल, एवढं मी करते.

मला माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे.

आई


१६ एप्रिल

पोरी,

काल दोन्हीकडे जाऊन आले. तू निघायच्या आत पोचावं म्हणून हे कुरिअरने टाकते.

चौकशीवाल्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, 'हे तुम्ही कोणाला वाचवायला तर सांगत नाही?' मी म्हटलं, मागच्या वेळी वाचवायला गप्प होते, आता नाही. त्याने तुझं पत्र मागितलं, टपालाच्या शिक्क्यासकट दिलं. शॉप उघडायचं नाही असं सांगितलंय, पुढची तारीख कळवतील. धाकट्याला वेगळं बोलावणार आहेत. मी त्याला तसा निरोप ठेवला.

मग मामींकडे. मामी मामांचे कामाचे शर्ट वेगळे करत होत्या. धुऊनही तेलाचे डाग जात नाहीत, ते शर्ट एका बाजूला, बरे दुसऱ्या बाजूला. मला बसा म्हणाल्या. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. कप हातात होता इथपर्यंत सांगितलं.

त्यांनी हातातला शर्ट पूर्ण घडी केला. मग म्हणाल्या, 'म्हणजे पोरीने हो म्हटलंच नव्हतं.'

'नाही.'

'ती नको म्हणत होती.'

'हो. पत्र नंतर आलं, पण ती नकोच म्हणत होती.'

खाली रस्त्यावर कोणी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग म्हणाल्या, 'मी त्या लेकराचा फोन ठेवून दिला. दोनदा.' आणि रडल्या. मामा गेले त्या दिवसापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ जायला पाऊल उचललं, तर हात वर करून मला तिथेच थांबवलं.

'तिला येऊ द्या,' म्हणाल्या. 'पायरीवर बसायची गरज नाही, दार उघडं असेल. तिला हवं तितके दिवस राहील. तुम्ही मात्र परत येऊ नका, बाई.'

मी बरं म्हटलं. तेव्हा तू सरळ तिकडेच जा. स्टेशनवर मी येणार नाही, माझ्यासाठी इकडे वाट वाकडी करू नकोस. आपल्या घराची किल्ली शेजारणीकडे ठेवलेली असेल. मी घरीच असेन, पण किल्ली असू दे.

निघताना मी चप्पल घालत होते, तर मामी आतूनच म्हणाल्या, 'पोरीला चहा बिनसाखरेचाच लागतो ना अजून?'

हो म्हणणार होते. ओठावर आलं होतं. मग म्हटलं, 'मला माहीत नाही, मामी. ती आली की तिलाच विचारा.'

आई